लांब चालणारी आवर्तने आणि संगणकाची स्मृती : ठाकुरवाड्यांच्या पर्जन्यगणिताचा एक पाठ

दिनांक १९ जुलै २०२३ रोजी रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर समाजाची ही वाडी. शासकीय नोंदीप्रमाणे तेथील लोकसंख्या २२८ होती. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीपर्यंत रस्ता नसल्यामुळे मोठी यंत्रे वर चढविता आली नाहीत. पावसात माती उपसण्याचे काम हातांनीच करावे लागले.

या दुर्घटनेसंबंधी शासनाने विधिमंडळात जी माहिती दिली, तीतील दोन गोष्टी सांख्यिकीच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. दुसरी अशी की, दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. पहिली गोष्ट एक प्रश्न उभा करते : तीन दिवसांत इतका पाऊस या डोंगरावर किती वर्षांतून एकदा पडतो? दुसरी गोष्ट त्याहून अवघड प्रश्न उभा करते : हिशेब करणारा ज्या यादीवरून चालतो, तीत वाडी नसेल तर हिशेब कितीही अचूक असून त्याचा उपयोग काय?

प्रस्तुत लेखाचा विषय दरड हा नाही. पाऊस हे दरडीचे एक कारण. मातीचा थर, खडकाच्या भेगा, उतार आणि झाडोरा यांचा विचार भूवैज्ञानिकांनी करावयाचा आहे. लेखाचा विषय त्यामानाने रुक्ष आहे. एकच गणित हजारो वेळा करणारी संगणकाची आज्ञावली कशी लिहावी, म्हणजे ती तालुक्याच्या कार्यालयातील किंवा शाळेतील साध्या संगणकावर, स्मृती न संपता, रात्रभर चालू शकेल, एवढेच येथे सांगावयाचे आहे. परंतु या रुक्ष विषयाचा वरील दोन प्रश्नांशी निकटचा संबंध आहे. ‘वाड्या फार आहेत, यंत्र लहान आहे, तेव्हा महसुली गावापुरते किंवा तालुक्यापुरतेच गणित करू’ असा मोह हिशेबनिसाला नेहमीच होतो. गावाच्या सरासरीत वाडी बुडून जाते. यंत्राची ही सबब बहुतेक वेळा खरी नसते, आणि ती खरी का नसते हे पाहणे उपयुक्त ठरेल.

टेबल आणि कपाट

संगणकाची साठवण दोन प्रकारची असते. एक कायमची, म्हणजे डिस्क. दुसरी काम चालू असेपर्यंतची, म्हणजे स्मृती अथवा मेमरी. कार्यालयाच्या भाषेत बोलायचे तर डिस्क हे कपाट आणि स्मृती हा टेबलाचा पृष्ठभाग होय. कपाट मोठे असते, टेबल लहान. लिपिकाला काम करावयाचे तर कागद टेबलावरच घ्यावे लागतात. टेबल भरले की एक कागद कपाटात ठेवावा, दुसरा काढावा, पुन्हा पहिला शोधावा, असे सुरू होते आणि प्रत्यक्ष कामाऐवजी ये-जाच वाढते. संगणकाचेही हुबेहूब असेच होते. आधी तो मंद होतो, मग कुंठित होतो, आणि शेवटी आज्ञावली मध्येच बंद पडते.

आता आपल्या प्रश्नाचे आकारमान पाहू. पावसाळ्याचे जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. समजा एका वाडीसाठी ६० वर्षांची दैनिक पर्जन्यमालिका आपल्याजवळ आहे. आकड्यांची संख्या ७,३२० झाली. दशांशातील एक आकडा साठविण्यास संगणकाला ८ बाइट लागतात. म्हणजे एका वाडीचा साठ वर्षांचा पाऊस ५८,५६० बाइटांत मावतो. ही जागा नगण्य आहे. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा व्यापते.

मग अडचण कोठे येते? ती येते आकड्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्न विचारताच. दहा वर्षांतून सरासरी एकदा ओलांडली जाणारी तीन दिवसांच्या पावसाची बेरीज समजा आपण काढली. ती केवळ साठ वर्षांच्या अनुभवावर आधारलेली आहे. वेगळी साठ वर्षे वाट्याला आली असती तर उत्तर किती बदलले असते? याचे उत्तर देण्याची एक सोपी रीत अमेरिकेतील सांख्यिकीज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडली. तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. साठ वर्षांच्या साठ चिठ्ठ्या करावयाच्या, एक चिठ्ठी काढून वाचून परत टाकावयाची, असे साठ वेळा करावयाचे. काही वर्षे दोनदा-तीनदा येतील, काही मुळीच येणार नाहीत. या नव्या साठ वर्षांवरून पुन्हा उत्तर काढावयाचे, आणि हा सारा फेरा दहा हजार वेळा करावयाचा. दहा हजार उत्तरे जितकी पसरलेली, तितका आपला मूळ आकडा डळमळीत. (चिठ्ठ्या दिवसांच्या न करता वर्षांच्या करावयाच्या, हे महत्त्वाचे. पाऊस झडीने पडतो. आजचा पाऊस कालच्या पावसाशी जोडलेला असतो. दिवस सुटे करून मिसळले तर झड मोडते, आणि दरडीच्या दृष्टीने झड हीच मुख्य गोष्ट आहे.)

नवशिका काय करतो? तो प्रत्येक फेऱ्यातील संपूर्ण मालिका जपून ठेवतो. ७,३२० आकडे, दहा हजार फेरे : ५८ कोटी ५६ लाख बाइट. हे एका वाडीचे झाले. शंभर वाड्यांचे ५,८५६ कोटी बाइट, म्हणजे सुमारे ५८ गिगाबाइट. कार्यालयातील संगणकाची स्मृती बहुधा ८ गिगाबाइटच्या आसपास असते. यंत्र बंद पडते आणि ‘एवढ्या वाड्यांचे होणार नाही’ असा शेरा कागदावर पडतो. वस्तुतः हवे काय होते? प्रत्येक फेऱ्याचे एक उत्तर. दहा हजार उत्तरे म्हणजे ८०,००० बाइट, आणि शंभर वाड्यांची मिळून ८० लाख बाइट. गरज आणि साठा यांतील हे अंतर सात हजार पटींहून अधिक आहे, आणि ते यंत्राने निर्माण केलेले नाही.

काटकसरीची ही शिस्त जुन्या माणसांना शिकवावी लागत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संपूर्णपणे भारतात घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती प्रत्येकी ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. एका शब्दात एक आकडा ठेवला असता तर वरील मालिकेतील सतरा वर्षांचा पाऊसही तीत एका वेळी मावला नसता, शिवाय आज्ञावलीलाही त्याच स्मृतीत जागा द्यावी लागे. अशा यंत्रावर काम करणाऱ्यांना कोणता आकडा ठेवावा आणि कोणता पुसावा याचा विचार कागदावरच करावा लागला. आज यंत्र लक्षावधी पटींनी ऐसपैस झाले आहे आणि ती सवय मात्र सुटली आहे.

एक-एक ओळ वाढणारी नोंदवही

सांख्यिकीच्या कामासाठी आज ‘आर’ ही संगणकभाषा सर्वत्र वापरली जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती १९९० नंतरच्या दशकात तयार केली. ती विनामूल्य असल्यामुळे शाळा, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये यांना सोयीची आहे. पुढील विवेचन तिला धरून केले असले तरी बहुतेक भाग इतर भाषांनाही लागू पडेल.

आरमध्ये फेऱ्यांचे उत्तर साठविण्याची एक फार प्रचलित आणि फार वाईट रीत आहे. रिकामी यादी घ्यावयाची आणि प्रत्येक फेऱ्यानंतर तिला नवे उत्तर जोडावयाचे. जोडण्यासाठी ‘सी’ किंवा तक्ता असल्यास ‘आरबाइंड’ ही क्रिया वापरली जाते. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक नवी नोंद आली की ग्रामसेवकाने बाजारातून एक ओळ जास्त असलेली नवी वही आणावी, जुन्या वहीतील सर्व नोंदी तीत उतरवून काढाव्यात, शेवटी नवी नोंद लिहावी आणि जुनी वही रद्दीत टाकावी, असा नियम केला तर काय होईल? पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षातही येणार नाही. पाचव्या वर्षी ग्रामसेवक दुसरे कोणतेच काम करू शकणार नाही. वरील दोन्ही क्रिया नेमके हेच करतात. दहा हजार उत्तरांसाठी एकंदर पाच कोटी आकडे उतरवून घ्यावे लागतात. शंभर वाड्यांची दहा लाख उत्तरे एकाच यादीत जोडीत गेल्यास ही संख्या पन्नास हजार कोटींवर जाते. फेरे शंभर पट वाढले, तर लिखाण दहा हजार पट वाढले. शिवाय उतरवून घेताना क्षणभर जुनी आणि नवी अशा दोन्ही वह्या टेबलावर असाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी स्मृती संपते.

उपाय अगदी साधा आहे. किती फेरे होणार हे आधीच ठाऊक असते. तेव्हा फेरे सुरू होण्यापूर्वी दहा हजार घरांची कोरी ओळ आखून घ्यावी. आरमध्ये ‘न्यूमेरिक’ ही क्रिया हे काम करते. मग पहिल्या फेऱ्याचे उत्तर पहिल्या घरात, दुसऱ्याचे दुसऱ्या घरात, असे भरीत जावे. वही तीच राहते. २०१७ साली आलेल्या आरच्या ३.४.० या आवृत्तीपासून यादीच्या शेवटच्या घरापुढे क्रमांक देऊन लिहिले तर यंत्र थोडी जादा जागा स्वतःहून राखून ठेवते. त्यामुळे त्या रीतीचा जाच कमी झाला आहे. ‘सी’ आणि ‘आरबाइंड’ यांचा मात्र झालेला नाही, आणि आधी आखलेल्या वहीइतके सोपे दुसरे काहीच नाही.

फेऱ्यात शिरण्यापूर्वी

येथे थोडे थांबून एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. प्रत्येक फेऱ्यात ७,३२० दैनिक आकडे खरोखर लागतात काय? आपल्याला हवी आहे ती दरवर्षीची तीन दिवसांची कमाल बेरीज. चिठ्ठ्या वर्षांच्या आहेत. एखादे वर्ष चिठ्ठीत आले म्हणून त्याची कमाल बेरीज बदलत नाही. तेव्हा साठ वर्षांच्या साठ कमाल बेरजा फेऱ्यांच्या बाहेर एकदाच काढून ठेवता येतात, आणि प्रत्येक फेऱ्यात केवळ त्या साठ आकड्यांतून निवड करावी लागते. साठ आकडे चढत्या क्रमाने मांडून वरच्या दहा टक्क्यांची सीमा पाहिली की दहा वर्षांतून एकदा ओलांडली जाणारी पातळी मिळाली. आता कोणी हट्टाने सर्व फेऱ्यांतील सर्व आकडे साठविले तरी सहा लाख आकडे, म्हणजे ४८ लाख बाइटच होतील.

माझ्या अनुभवाप्रमाणे स्मृतीच्या तक्रारींपैकी निम्म्या येथेच मिटतात. जे गणित फेऱ्यागणिक बदलत नाही ते फेऱ्याबाहेर काढावे, ही सूचना इतकी सोपी आहे की ती कोणी गांभीर्याने घेत नाही.

परंतु प्रत्यक्षातील नोंदी इतक्या स्वच्छ नसतात. पर्जन्यमापकाच्या नोंदीत खाडे असतात, आणि हे खाडे बहुधा ऐन पावसातच पडतात. नोंद घेणारा पोहोचू शकला नाही, ओढा भरला, स्वयंचलित केंद्राचा संपर्क तुटला. ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली असली तरी त्यांची मालिका अजून लहान आहे. दीर्घ मालिका हवी तर जुन्या नोंदवह्यांकडेच वळावे लागते. खाड्याच्या दिवशी शून्य लिहिणे हा तर अक्षम्य अपराध होय. कारण त्यामुळे सर्वांत ओला दिवस सर्वांत कोरडा ठरतो, आणि त्या वर्षीची कमाल बेरीज खाली येऊन वाडी कागदावर सुरक्षित होते.

रिकामा दिवस भरण्याची रीत अशी : शेजारच्या केंद्राची त्या दिवसाची नोंद घ्यावी, दोन्ही केंद्रांच्या नोंदी असलेल्या पूर्वीच्या तशाच ओल्या दिवसांतून चिठ्ठी टाकून एक दिवस निवडावा, त्या दिवशी दोन केंद्रांच्या पावसाचे जे प्रमाण होते ते आजच्या आकड्याला लावावे. चिठ्ठी प्रत्येक फेऱ्यात नवी. त्यामुळे भरलेला आकडा आणि त्या वर्षाची कमाल बेरीजही फेऱ्यागणिक बदलू शकते, आणि मघाची सवलत ज्या वर्षांत खाडे आहेत तेथे संपते. आता फेऱ्यात मोठी मालिका घ्यावीच लागते. मात्र ती फेऱ्याच्या आरंभी तयार व्हावी, तिच्यावरून एक उत्तर निघावे, ते आखलेल्या घरात लिहिले जावे, आणि फेरा संपताना मालिका नाहीशी व्हावी.

चालता हिशेब

समजा आणखी एक गोष्ट हवी आहे. खाड्याच्या प्रत्येक दिवशी भरलेला आकडा दहा हजार फेऱ्यांत सरासरी किती आला आणि किती हेलकावला? हे कळले तर कोणती जुनी नोंदवही शोधून काढणे सर्वांत निकडीचे आहे तेही कळते. येथे वाटते की सर्व फेऱ्यांतील सर्व दिवस साठविल्याशिवाय सरासरीपासूनची तफावत काढता येणार नाही, कारण सरासरी शेवटी कळते आणि तफावत तिच्यापासून मोजावयाची असते. बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत ही अडचण दूर करते. प्रत्येक दिवसासाठी दोनच आकडे बाळगावयाचे : आतापर्यंतची सरासरी आणि आतापर्यंतच्या वर्गांची जमा.

लहान उदाहरण घेऊ. पहिल्या फेऱ्यात एका दिवशी ४० मिलिमीटर आले. सरासरी ४०, जमा शून्य. दुसऱ्या फेऱ्यात ७० आले. जुन्या सरासरीपासून अंतर ३०; त्याचा निम्मा भाग सरासरीत मिळविला की नवी सरासरी ५५. नव्या सरासरीपासून अंतर १५. दोन्ही अंतरांचा गुणाकार ४५०, तो जमेत घातला. तिसऱ्या फेऱ्यात १० आले. जुन्या सरासरीपासून अंतर उणे ४५. त्याचा तिसरा भाग, म्हणजे उणे १५, सरासरीत मिळविला की सरासरी ४०. नवे अंतर उणे ३०. गुणाकार १,३५०, जमा १,८००. शेवटी जमेला फेऱ्यांच्या संख्येतून एक वजा करून भागावे : १,८०० भागिले २, म्हणजे ९००, त्याचे वर्गमूळ ३० हे प्रमाण विचलन. वाचकांनी ४०, ७० आणि १० यांवरून नेहमीच्या रीतीने पडताळा घ्यावा. उत्तर तेच येईल. तीन फेरे असोत की तीन लक्ष, बाळगावयाचे आकडे दोनच. आपल्या मालिकेपुरते ७,३२० दिवसांचे १४,६४० आकडे झाले. एरवी ७ कोटी ३२ लाख आकडे साठवावे लागले असते.

वर्गांची सरळ बेरीज ठेवून शेवटी सरासरीचा वर्ग वजा करण्याची जुनी रीत शाळेत शिकविली जाते. कागदावर ती बरोबर आहे. संगणकात मात्र, आकडे मोठे आणि त्यांतील फरक लहान असल्यास, दोन जवळजवळ सारख्या प्रचंड संख्यांच्या वजाबाकीत उपयोगाचे अंक नाहीसे होतात. क्वचित उत्तर ऋणही येते. वेलफर्ड यांच्या रीतीत हा धोका पुष्कळच कमी आहे.

टेबल रिकामे कसे राहील

आर भाषेत जी वस्तू कोणत्याही नावाने धरून ठेवलेली असते ती स्मृतीतून जात नाही. नाव सुटले की वेळ येताच यंत्र आपण होऊन जागा मोकळी करते. जागा मोकळी करण्याची ‘जीसी’ ही आज्ञा प्रत्येक फेऱ्यात लिहिणारे पुष्कळ आढळतात. त्यामुळे वेळ वाया जातो आणि जी वस्तू नावाने धरली आहे ती तरीही सुटत नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे एका फेऱ्याचे सर्व काम एका स्वतंत्र फलनात, म्हणजे फंक्शनमध्ये, ठेवावे आणि त्या फलनाने केवळ उत्तर परत करावे. फलन संपताच त्यातील तात्पुरती नावे आपोआप सुटतात. परत करताना सावध असावे. आकड्यांवर बसविलेले संपूर्ण प्रतिमान परत केले तर ते आपल्याबरोबर मूळ माहितीही बांधून आणते. दहा हजार प्रतिमाने साठविणे म्हणजे दहा हजार मालिका साठविणेच होय. प्रतिमानातील हवे ते दोन-तीन आकडे तेवढे काढून घ्यावेत.

तक्त्याच्या रूपातील माहितीतील एकेक घर फेऱ्यात बदलू नये. लागणारा स्तंभ आधी साध्या ओळीच्या रूपात काढून घ्यावा. संगणकाला चार गाभे आहेत म्हणून काम चौघांत वाटून देताना प्रत्येकास स्वतःचे टेबल लागते, हेही विसरू नये. वेळ वाचतो, स्मृती चौपट लागू शकते. आणि शंभर वाड्यांचे गणित एकाच दमात चालविण्याऐवजी प्रत्येक वाडीसाठी आज्ञावली नव्याने सुरू करून बंद करावी, हे सर्वांत निर्धोक. आज्ञावली बंद झाली की तिने अडविलेली सर्व स्मृती यंत्र परत घेते. आधीच्या वाडीचा कचरा पुढच्या वाडीच्या वाट्याला येत नाही.

एकाच नावाच्या वाड्या

डोंगराळ तालुक्यात वीज रात्रभर टिकेल असे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही. म्हणून प्रत्येक वाडीचे उत्तर निघताच ते डिस्कवर लिहावे; आरमध्ये त्यासाठी ‘सेव्हआरडीएस’ ही क्रिया आहे. आधी तात्पुरत्या नावाने लिहावे आणि लिहून पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे, म्हणजे अर्धवट फाइल पूर्ण समजली जात नाही. वीज गेल्यावर पुन्हा सुरू करताना आज्ञावलीने ज्या वाडीची फाइल आहे ती ओलांडून पुढच्या वाडीकडे जावे.

ही रीत मी स्वतः प्रथम वापरली तेव्हा घडलेली चूक सांगण्यासारखी आहे. यादीत एकेचाळीस वाड्या होत्या. सकाळी पाहिले तर काम विनातक्रार पूर्ण झाल्याचा संदेश होता आणि फायली सदतीस. कोठेही त्रुटी दाखविलेली नव्हती. पुष्कळ शोधल्यानंतर लक्षात आले की मी फाइलला वाडीचे नाव देत होतो, आणि यादीतील पाच वाड्यांचे नाव ‘ठाकुरवाडी’ होते. पहिल्या ठाकुरवाडीची फाइल तयार झाली. पुढच्या चार आल्या तेव्हा यंत्राने पाहिले की या नावाची फाइल आहे, काम झालेले आहे, आणि त्या चारही वाड्या ओलांडल्या. यंत्राने सांगितले तेच केले.

कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागात ठाकुरवाडी हे नाव पावलोपावली भेटते, आणि बाहेरचा माणूस जे नाव देतो तेच दप्तरात रूढ होते. जनगणनेचा सांकेतांक महसुली गावाला असतो. वाडीला स्वतंत्र सांकेतांक सहसा नसतो, ती मूळ गावात मोजली जाते. तेव्हा गावाचा सांकेतांक आणि त्यापुढे वाडीचा अनुक्रमांक, अशी ओळख आपणच ठरवावी लागते. फाइलचे नाव, नोंदीची ओळ आणि चिठ्ठ्यांसाठी यंत्राला दिलेला आरंभीचा आकडा या तिन्हींसाठी हीच ओळख वापरावी. आरंभीचा आकडा ‘सेट-सीड’ या क्रियेने ठरवून दिला की तेच गणित पुन्हा केल्यास तेच उत्तर येते. ‘हा आकडा कोठून आला’ असे तहसीलदारांनी किंवा ग्रामसभेने विचारले तर उत्तर देता आले पाहिजे. एखाद्या वाडीच्या नोंदीत दोष निघून गणित अडले तर सर्व काम थांबू नये यासाठी ‘ट्रायकॅच’ वापरून तो दोष वेगळ्या फाइलमध्ये लिहावा. आणि ती फाइल सकाळी वाचावी. दोष बाजूला सारणे सोपे असते, बाजूला सारलेले वाचणे कोणी करीत नाही.

काम सुरू करताना

पहिल्या रात्री शंभर वाड्या घेऊ नयेत. एकच वाडी, शंभर फेरे, आणि दर दहा फेऱ्यांनी आज्ञावली किती स्मृती वापरते याची नोंद, एवढेच करावे. दहाव्या आणि शंभराव्या फेऱ्याची नोंद जवळपास सारखी असेल तर आज्ञावली निकोप आहे. आकडा पायरी-पायरीने चढत असेल तर काहीतरी धरून ठेवले जात आहे. दहा हजार फेऱ्यांना हात घालण्यापूर्वी ते शोधावे. शंभर फेऱ्यांना लागलेल्या वेळाला शंभराने गुणले की एका वाडीचा अंदाजे वेळही कळतो. हे सर्व मे महिन्यातच उरकावे. जूनमध्ये वीज आणि माणसे दोन्ही दुसऱ्या कामांत असतात.

निष्पन्न होणारा तक्ता लहान असावा. वाडीची ओळख, दहा वर्षांतून एकदा ओलांडली जाणारी तीन दिवसांची बेरीज, तिची खालची आणि वरची मर्यादा, म्हणजे दहा हजार उत्तरांपैकी मधली नव्वद टक्के ज्यांच्या दरम्यान येतात ते दोन आकडे, भरून घेतलेल्या खाड्यांची संख्या, आणि नोंदी ज्या केंद्राच्या त्याचे वाडीपासूनचे अंतर व उंची. शेवटचा रकाना गाळण्याचा मोह होईल. माथेरानच्या पठारावरचा पाऊस आणि खाली कर्जतच्या सखल भागातला पाऊस एक नव्हे, आणि वाड्या या दोन्हींच्या मध्ये असतात. वरच्या आणि खालच्या मर्यादांमध्ये फार अंतर दिसल्यास वाडी हलविण्याचा विचार खालच्या आकड्यावर करावा, असे माझे मत आहे. वरच्या आकड्याची वाट पाहण्याची किंमत कोणाला मोजावी लागते हे सांगावयास नको.

तक्ता छापण्यापूर्वी दोन मोजण्या कराव्यात. फायलींची संख्या यादीतील वाड्यांच्या संख्येशी जुळते काय, ही पहिली; ती यंत्र करू शकेल. दुसरी माणसालाच करावी लागेल. यादी घेऊन अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्याकडे जावे. त्यांच्या नोंदवहीत घरे वाडीनिहाय असतात, कारण लस देण्यास आणि बाळाचे वजन करण्यास त्यांना ती चढण चढावी लागते. त्यांच्या वहीत आहे आणि आपल्या यादीत नाही अशी वाडी सापडली तर तिला अनुक्रमांक द्यावा, आणि रात्री आज्ञावली पुन्हा सुरू करावी. झालेल्या वाड्या ती ओलांडील आणि नव्या वाडीपाशी थांबेल.